सेल्स असेसमेंटमध्ये किंमत आधी सांगू नका

सॉफ्टवेअर कंपनी आपला माल विकणाऱ्या डीलरच्या माणसांची परीक्षा घेते, ती सेल्स असेसमेंट. तिच्यात मार्क कमी पडले की डीलरकडचं उत्तर ठरलेलं असतं: 'परीक्षा पुस्तकी आहे, बाजार वेगळा असतो.' यात निम्मं खरं आहे. सोलापुरात नवी पेठेतल्या दुकानात गिऱ्हाईक येतं, 'अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर केवढ्याला?' म्हणतं, काउंटरवरचा मुलगा आकडा सांगतो आणि वर 'बघू, करू काहीतरी कमी' असंही जोडतो. असेसमेंटमध्ये नेमका हाच पर्याय चारांत एक म्हणून ठेवलेला असतो आणि तो जवळपास दरवेळी चुकीचा असतो. आकडा सांगण्याआधी या माणसानं काय काय विचारलं, एवढंच कंपनीला तिथं बघायचं असतं.

म्हणून फीचरची यादी घोकून या परीक्षेला बसणारा प्रॉडक्टच्या भागात निघून जातो आणि सेल्सच्या भागात अडकतो. प्रॉडक्टच्या प्रश्नाला उत्तर एकच असतं. सेल्सच्या प्रश्नात चारही गोष्टी करण्यासारख्याच असतात, पण त्यातली आत्ता करायची कोणती हे ओळखायचं असतं. तयारी करायची ती या 'आत्ता'ची.

नियमांचं पान आधी

पार्टनर पोर्टलवर, म्हणजे कंपनीनं डीलरसाठी ठेवलेल्या वेबसाइटवर, असेसमेंटच्या बरोबर एक गाइड दिलेलं असतं. ते न वाचता थेट डम्पच्या मागे लागणारे फार. डम्प म्हणजे कुणीतरी फोडलेले प्रश्न. ते जुने असतात, त्यांची उत्तरं बऱ्याचदा चुकीची असतात, आणि पकडलं गेलं तर सर्टिफिकेट रद्द होतं, ते वेगळंच. गाइड उघडून एका कागदावर पाच गोष्टी उतरवा: प्रश्न किती, मिनिटं किती, पास व्हायला किती लागतात, नापास झाल्यास पुन्हा कधी बसता येतं, आणि पास झाल्यावर ते किती दिवस चालतं.

हे कंपनीगणिक बदलतं. मायक्रोसॉफ्टच्या सर्टिफिकेशन परीक्षांचं उदाहरण घ्या. पास व्हायला १००० पैकी ७०० लागतात, पण हा स्केल केलेला गुण आहे, त्याचा अर्थ सत्तर टक्के उत्तरं बरोबर असा लावू नका. पहिल्यांदा नापास झालात तर २४ तासांनी पुन्हा बसता येतं, त्यानंतर दोन प्रयत्नांत १४ दिवसांचं अंतर लागतं, आणि बारा महिन्यांत एकूण पाचच प्रयत्न. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पोर्टलवरच होणाऱ्या छोट्या असेसमेंटचे नियम यापेक्षा सैल असू शकतात. पुस्तक उघडं ठेवून द्यायच्या परीक्षेत घड्याळ हाच शत्रू असतो. पीडीएफ समोर आहे म्हणून प्रत्येक उत्तर शोधत बसलात तर शेवटचे दहा प्रश्न हातातून जातात.

सहावी गोष्ट गाइडमध्ये ठळक नसते, पण डीलरच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची तीच आहे: लॉगिन कोणतं वापरायचं? मुलगा स्वतःच्या जीमेलवरून प्रोफाइल काढतो, पास होतो, आणि महिनाभरानं कळतं की फर्मच्या खात्यावर पास झालेल्यांची संख्या शून्यच आहे. मायक्रोसॉफ्टच्या बाबतीत परीक्षा देणाऱ्याचं लर्न प्रोफाइल पार्टनर सेंटरमधल्या (डीलरच्या पोर्टलवरच्या) कामाच्या खात्याशी जोडावं लागतं. इतर कंपन्यांतही असलं काहीतरी जोडकाम असतंच. हे परीक्षेच्या आधी उरकून घ्या.

प्रश्न कुठं उभा आहे

विक्रीच्या पायऱ्यांची नावं प्रत्येक कंपनी वेगळी ठेवते, पण चढण तीच असते. आधी लीड, म्हणजे घेऊ शकेल असं गिऱ्हाईक, मिळवणं, मग ते क्वालिफाय करणं, म्हणजे हे गिऱ्हाईक आपलं आहे का ते तपासणं. त्यानंतर डिस्कव्हरी, म्हणजे दुखणं शोधणं. मग डेमो, कोटेशन, शंकांची उत्तरं, ऑर्डर, आणि शेवटी इन्स्टॉलेशननंतरची देखभाल व रिन्युअल. परीक्षेतला प्रसंग वाचला की पर्यायांकडे बघायच्या आधी तो कोणत्या पायरीवर उभा आहे हे ठरवा. पायरी कळली की चारातले दोन पर्याय आपोआप गळतात, कारण त्यातला एक पुढच्या पायरीवर उडी मारत असतो आणि एक मागं सरकत असतो.

पायरीची खूण प्रश्नातच असते. 'पहिला फोन', 'इनबाउंड एन्क्वायरी' (गिऱ्हाइकानं स्वतःहून केलेली चौकशी) असे शब्द दिसले की क्वालिफिकेशन. 'सध्याच्या पद्धतीबद्दल ग्राहकानं सांगितलं' असं असेल तर डिस्कव्हरी चालू आहे. 'डेमो आवडला, पण' असं वाक्य आलं की ऑब्जेक्शन, म्हणजे गिऱ्हाइकाची हरकत. त्या 'पण'च्या पुढं काय आहे ते दोनदा वाचा. तिथं 'पण भावाशी बोलावं लागेल' असेल तर ते ऑब्जेक्शन म्हणायचंच नाही. निर्णय घेणारा माणूस तुम्हाला भेटलेलाच नाही, आणि तुम्ही अजून क्वालिफिकेशनवरच आहात.

क्वालिफाय करण्यासाठी बहुतेक ठिकाणी 'बँट' विचारतात: बजेट, अथॉरिटी, नीड, टाइमलाइन. ही जुनी चौकट आयबीएमच्या विक्रीतून आली. चार शब्द पाठ करायला एक मिनिट पुरतं, अथॉरिटी मात्र नीट समजून घ्यावी लागते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात सही वडिलांची असते, पैसे थोरला भाऊ देतो, सॉफ्टवेअर धाकटा बघतो, रोज बसणार अकाउंटंट, आणि 'घ्या' किंवा 'नको' हे टॅक्स कन्सल्टंट फोनवर सांगतो. परीक्षेच्या भाषेत हे अनुक्रमे साइन-ऑफ देणारा, इकॉनॉमिक बायर, टेक्निकल बायर, एंड युजर आणि इन्फ्लुएन्सर. आपल्याकडच्या विक्रेत्याला ही मंडळी पाठ असतात, फक्त त्यांची इंग्रजी नावं माहीत नसतात. 'तुमचा संपर्क उत्साही आहे, पण त्याला खर्च मंजूर करता येत नाही, पुढं काय?' असा प्रश्न आला की उत्तर त्या माणसाला टाळून वर जाण्याचं नसतं. त्याच्याच मदतीनं मंजुरी देणाऱ्याला चर्चेत आणायचं, हे उत्तर. धाकट्याला डावलून थोरल्याकडं गेलेल्या विक्रेत्याचं काय होतं हे इथं कुणाला शिकवायची गरज नाही.

एक प्रश्न, जवळून

सरावासाठी हा प्रश्न घ्या. टॉवेल बनवणारा एक कारखाना. पहिल्या भेटीत तुम्ही त्यांच्या कामाची पद्धत समजून घेतली. दुसऱ्या भेटीत मालक म्हणतात, 'आमचा स्टॉक जुळत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टॉक येतो का?' पुढचं योग्य पाऊल कोणतं?

अ) 'हो' म्हणून लगेच स्टॉक मॉड्यूल उघडून दाखवणं.
ब) हेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दोन मोठ्या कारखान्यांची माहिती देणं.
क) स्टॉक कुठं जुळत नाही आणि त्यामुळं काय अडतं, हे विचारणं.
ड) या आठवड्यात ऑर्डर दिल्यास सूट देऊ करणं.

बहुतेकजण 'अ'वर बोट ठेवतात. मालकानं स्वतःहून विचारलंय, मग दाखवायला काय हरकत आहे? हरकत अशी, की स्टॉक न जुळण्याची कारणं निराळी असू शकतात. डाइंगला, म्हणजे रंगवायला, बाहेर गेलेलं सूत हिशेबात नसेल, कापून शिवून झालेला माल डझनात आणि गोडावूनमधला नगात मोजला जात असेल, किंवा सेकंड्सचा, म्हणजे खोट असलेला, माल फ्रेशमध्येच धरला जात असेल. तिन्हींसाठी दाखवायचा स्क्रीन वेगळा. विचारल्याशिवाय केलेला डेमो अंदाजानं केलेला असतो. उत्तर 'क'.

आता प्रसंगात एकच वाक्य वाढवा: 'डाइंगला गेलेलं सूत आठवडाभर हिशेबात येत नाही, त्यामुळं गेल्या महिन्यात दोन ऑर्डरी उशिरा गेल्या, असं मालकांनी सांगितलं.' आता दुखणंही कळलं आणि त्याची किंमतही कळली. पुन्हा तेच विचारत बसलात तर माणूस वैतागेल. आता उत्तर 'अ', आणि तेही जॉब वर्कच्या, म्हणजे बाहेर करून घेतलेल्या कामाच्या, स्क्रीनपासून सुरुवात करून. पर्याय तेच राहिले, एका वाक्यानं उत्तर फिरलं. सराव करताना प्रत्येक प्रश्नाला असं एक वाक्य जोडून किंवा काढून बघा. शंभर प्रश्न सोडवण्यापेक्षा वीस प्रश्न असे उलटेपालटे केलेले जास्त उपयोगी पडतात.

रोल-प्ले

काही कंपन्या निवडीच्या प्रश्नांसोबत रोल-प्ले किंवा रेकॉर्ड केलेला डेमो मागतात. तिथं प्रश्नांचा क्रम बहुधा 'स्पिन' पद्धतीनं तपासतात: आधी परिस्थिती, मग अडचण, मग त्या अडचणीचा परिणाम, आणि शेवटी सुटकेचा फायदा गिऱ्हाइकाच्याच तोंडून. सोलापुरी बोलण्यात ते असं होईल:

'मालक, सूत डाइंगला पाठवता ते कुणाच्या वहीत चढतं?'
'गोडावूनच्या. तिथं पोरगं आहे, ते लिहितंय.'
'आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर?'
'ते शनिवारी. कधी कधी सोमवार उजाडतो.'
'मग शुक्रवारी पार्टीचा फोन आला, अमक्या डिझाइनचे पाचशे डझन कधी देता म्हणून, तर काय सांगता?'
'बघून सांगतो म्हणतो. काय सांगणार!'
'अशात एखादी ऑर्डर गेली का?'
'... गेली की. दिवाळीच्या आधी एक गेली.'
'तो आकडा शुक्रवारीच स्क्रीनवर दिसला असता तर?'

पहिले दोन प्रश्न परिस्थितीचे, तिसरा अडचणीचा, चौथा परिणामाचा, पाचवा फायद्याचा. 'गेली की'च्या आधी मालक थांबतात, ती जागा जपायची असते. विक्रेत्याला ती शांतता सोसत नाही आणि तो 'आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ना...' म्हणून सुरू होतो. रेकॉर्डिंग ऐकताना मार्क जातात ते इथंच. सरावाला मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दोघांच्या बोलण्याचा वेळ मोजा. पहिल्या दहा मिनिटांत निम्म्याहून जास्त वेळ तुम्हीच बोलत असाल तर ते गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं नव्हे, ते जाहिरातीचं भाषण झालं. परिस्थितीचे प्रश्नही चार-पाचांच्या वर नेऊ नका. कारखान्याच्या पाटीवर जे लिहिलेलं असतं तेही विचारणारा विक्रेता गृहपाठ न करता आलाय हे लगेच दिसतं.

डेमोची सॅम्पल कंपनी आधी स्वच्छ करून ठेवा. 'एबीसी ट्रेडर्स', 'आयटम १' असल्या डेटावर दिलेला डेमो बेचव लागतो. टेरी टॉवेल, त्याचा जीएसटीचा एचएसएन कोड ६३०२, डझन आणि नग अशी दोन युनिटं, डाइंगवाल्याच्या नावानं एक गोडावून, हैदराबाद आणि मुंबईची एकेक पार्टी. एवढं भरलं की एका बिलात परराज्याचा आयजीएसटी आणि दुसऱ्यात राज्यातला सीजीएसटी-एसजीएसटी, दोन्ही दाखवता येतं. जुना सॅम्पल डेटा तसाच वापरला की होणारी फजिती ही: २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक मालावरचे जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, आणि तुमच्या डेमोत १२ टक्के तसेच चमकत असतात. समोरचा अकाउंटंट तिथंच हसतो.

'भाचा टाकून देतो की'

ऑब्जेक्शनच्या प्रश्नात पद्धत ठरलेली असते: पूर्ण ऐका, नेमकं काय खटकतंय ते विचारा, तेवढ्याचंच उत्तर द्या, आणि 'हे सुटलं का?' असं विचारून पुढं जा. यातली दुसरी पायरी गाळणारे पर्याय चुकीचे. 'महाग आहे' म्हटल्यावर सूट देणं आणि 'महाग आहे' म्हटल्यावर किंमत पटवणं, दोन्ही घाईचे. आधी 'कशाच्या मानानं महाग?' हे विचारायला हवं. बजेट नाही, दुसरं कोटेशन स्वस्त आहे, की फायदाच दिसला नाही, यावर पुढचं सगळं अवलंबून.

आपल्याकडचं हमखास ऑब्जेक्शन क्रॅकचं, म्हणजे कुलूप फोडून फुकट चालवलेल्या प्रतीचं. 'भाचा फुकटात टाकून देतो, तुम्ही कशाला?' इथं कायद्याची भीती घालण्याचा पर्याय आकर्षक वाटतो. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब खाली चोरीची प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, हे खरं आहे आणि माहीत असावं. पण मालकाला गुन्हेगार ठरवून कुणी ऑर्डर मिळवलेली नाही, आणि परीक्षाही धाक देणारं उत्तर मागत नाही. त्याला त्याच्या धंद्याचा धोका विचारा: अपडेट बंद असताना रिटर्नचा फॉर्म बदलला तर भाचा येतो का? क्रॅकमधून व्हायरस शिरून डेटा लॉक झाला तर मागच्या वर्षीची खतावणी कुठून आणायची? शेवटचा बॅकअप कधीचा?

स्पर्धकाची निंदा करणारा, नसलेलं फीचर 'पुढच्या व्हर्जनमध्ये येतंय' म्हणून कबूल करणारा किंवा बिल न करता देणारा पर्याय कुठल्याही प्रश्नात बरोबर नसतो. हे मार्क फुकटचे.

लायसन्सची मोजदाद

इथं मात्र पाठांतराला पर्याय नाही. पाठ करायच्या त्या मोजण्याच्या पद्धती. किंमती बदलत राहतात, त्यात डोकं घालू नका.

लायसन्स माणसावर आहे, मशीनवर आहे, की एका वेळी किती जण आत आहेत त्यावर? विंडोज सर्व्हरच्या कॅलचं (क्लायंट अ‍ॅक्सेस लायसन्स, म्हणजे सर्व्हर वापरायची परवानगी) उदाहरण नेहमीचं. कारखान्यात तीन पाळ्या, १२ कॉम्प्युटर, त्यावर आळीपाळीनं बसणारी ३० माणसं. डिव्हाइस कॅल घेतलं तर १२ पुरतात, युजर कॅल घेतलं तर ३० लागतात. उलट ८ सेल्समन, प्रत्येकाकडं टेबलावरचा पीसी, लॅपटॉप आणि फोन असेल तर डिव्हाइस २४ होतात आणि युजर ८ च राहतात. प्रश्नात 'शिफ्ट' शब्द दिसला की डिव्हाइसकडं, 'फिरतीवर' दिसलं की युजरकडं आधी बघा, मग मोजून खात्री करा.

याच्या पुढचा खड्डा रिमोट डेस्कटॉपचा. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर सर्व्हरवर टाकून दुकान, गोडावून आणि घर तिन्हीकडून रिमोटनं वापरणं सर्रास चालतं. त्याला साध्या कॅलच्या वर आरडीएस (रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस) कॅल वेगळं लागतं. आरडीएस चालू केल्यावर १२० दिवस विनालायसन्स चालतं, त्यामुळं सगळ्यांना वाटतं झालं काम, आणि चार महिन्यांनी एके सकाळी कुणीच आत जाऊ शकत नाही. कोटेशनमध्ये ही ओळ राहिली की शिव्या विक्रेत्यालाच बसतात.

मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या बिझनेस प्लॅनला ३०० युजरची कमाल मर्यादा आहे. प्रश्न असा फिरवून येतो: कंपनीत ४०० कामगार, कॉम्प्युटरवर काम करणारे ४०. मर्यादा लायसन्सवर आहे, हजेरीपटावर नाही. ४० जणांना बिझनेस प्लॅन बसतो. बेसिकमध्ये वर्ड-एक्सेल वेबवर आणि मोबाइलवर मिळतं, डेस्कटॉपवर इन्स्टॉल करायचं असेल तर स्टँडर्ड किंवा त्यापुढचं घ्यावं लागतं. गावाकडच्या इंटरनेटचा प्रसंग दिला असेल तर उत्तर इथंच दडलेलं असतं. ओईएम लायसन्स ज्या मशीनबरोबर आलं त्याच मशीनवर राहतं. मशीन भंगारात गेली की तेही गेलं.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा 'ग्राहकाकडं जुने पीसी आहेत, पहिलं पाऊल काय' हा प्रश्न धरून चाला. पहिलं पाऊल नवे पीसी विकणं हे नव्हे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि यादीतला प्रोसेसर लागतो. आधी किती मशीन त्यात बसतात ते मोजा, मग बोला.

आकडेमोड

मार्जिन आणि मार्कअप यांत गोंधळ घालणारे अनुभवी लोकही सापडतात. सरावासाठी आकडा धरा: खरेदी १६,०००, विक्री २०,०००. नफा ४,०००. विक्रीवर काढला तर मार्जिन २० टक्के, खरेदीवर काढला तर मार्कअप २५ टक्के. आता १० टक्के सूट द्या. विक्री १८,०००, नफा २,०००. सूट दहा टक्के, पण नफा निम्म्यावर, आणि तेवढीच कमाई करायला दुप्पट नग विकावे लागतील. सूट न देण्याचं कारण परीक्षेत आणि मालकासमोर दोन्हीकडं इतक्या सोप्या शब्दांत सांगता यायला हवं.

पेबॅक, म्हणजे खर्च किती दिवसांत वसूल होतो ते: क्लार्कचा पगार १५,०००, महिन्याला २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८ तास. सॉफ्टवेअरनं रोज दोन तास वाचले तर महिन्याला ५२ तास, म्हणजे पगाराचा चौथा हिस्सा, ३,७५०. खर्च २२,५०० असेल तर सहा महिन्यांत वसूल. इथली खुबी अशी की 'दोन तास' हा आकडा गिऱ्हाइकानं सांगितलेला असावा लागतो. तुम्ही ठरवलेल्या आकड्यावरचा हिशेब त्याला पटत नाही, आणि परीक्षेतही त्या पर्यायाला मार्क नाहीत.

वेटेड पाइपलाइन, म्हणजे चालू सौद्यांची रक्कम गुणिले ऑर्डर मिळण्याची शक्यता, हा तर केवळ गुणाकार: १ लाख गुणिले २० टक्के, ६० हजार गुणिले ५० टक्के, ४० हजार गुणिले ७५ टक्के. बेरीज ८० हजार. किंमत जीएसटीसह दिली असेल तर १८ टक्के वजा करायचे नसतात, १.१८ नं भागायचं असतं. २३,६०० चे २०,००० होतात. थेट १८ टक्के वजा केले तर १९,३५२ येतात, आणि हाही आकडा पर्यायांत आवर्जून ठेवलेला असतो.

'आत्ताच का?'

टाइमलाइनच्या प्रश्नाला रोल-प्लेमध्ये सगळ्यात भक्कम उत्तर कायद्यातून मिळतं, पण तो ज्याला लागू त्यालाच सांगायचा. ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, ५ कोटींवरच्या उलाढालीला १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचं आहे. १० कोटी आणि त्यावरच्यांना बिल ३० दिवसांच्या आत पोर्टलवर चढवणं १ एप्रिल २०२५ पासून बंधनकारक झालं. माल पाठवताना लागणारं ई-वे बिल परराज्यात ५० हजारांवरच्या मालाला, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखावर. हिशेबातला प्रत्येक बदल नोंदवणारा एडिट लॉग १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे तो कंपनी कायद्याखालच्या कंपन्यांना. मार्केट यार्डातल्या अडत्याची प्रोप्रायटरी फर्म असेल आणि तुम्ही 'आता सरकारनं सक्तीचं केलंय' म्हणालात, तर ती थाप झाली. त्याचा सीए ती पाच मिनिटांत उघडी पाडतो.

दिवस, वेळ, खोली

तयारीला दहा दिवस, रोज पाऊण तास पुरतो. पहिले चार दिवस पायऱ्या आणि स्वतःच्या गिऱ्हाइकांची पानं: जिंकलेली पाच, गमावलेली पाच. गमावलेल्यांच्या पानावर कारणाच्या जागी 'किंमत' लिहावंसं वाटेल. ते खोडा आणि टॅक्स कन्सल्टंटला भेटलो होतो का, हे तिथं लिहा. मग दोन दिवस लायसन्स, एक दिवस आकडेमोड, दोन दिवस घड्याळ लावून सराव. दहाव्या दिवशी काही वाचू नका.

तारीख निवडताना ११ आणि २० टाळा. जीएसटीआर-१ आणि ३बी ही रिटर्न भरायच्या त्या दिवसांत सपोर्टचे फोन थांबत नाहीत. मार्चअखेर तर विचारूच नका. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत जानेवारीत सिद्धेश्वर मंदिराच्या आसपास घर किंवा ऑफिस असेल तर भोंग्यांच्या आवाजात परीक्षा देणं जमणार नाही. २२ ते २६ या तारखा बऱ्या पडतात.

घरून देखरेखीखाली द्यायची परीक्षा असेल तर खोलीत दुसरं कुणी नको, टेबल मोकळं, दुसरा मॉनिटर काढलेला, फोन हाताच्या अंतरावर नको. दुकानाच्या आतल्या खोलीत बसणाऱ्यांचा इथं घात होतो, कारण पोरगा चहा घेऊन आत येतो आणि परीक्षा तिथंच रद्द होते. आतून कडी लावून घ्या आणि दारावर कागद चिकटवा. वीज गेली तर राउटरही इन्व्हर्टरवर हवा. लॅपटॉपची बॅटरी चालू आणि राउटर बंद, हा नेहमीचा प्रकार. सिस्टिम टेस्ट आदल्या दिवशी त्याच खोलीतून, त्याच नेटवर, त्याच वेळेला करा.

ओळखपत्राकडं मात्र आठवडाभर आधी बघा. प्रोफाइलवरचं नाव आणि आयडीवरचं नाव जुळावं लागतं. आपल्याकडं आधारवर वडिलांच्या नावासह तीन शब्द, पॅनवर वेगळा क्रम, आणि तेलुगू घरांत आडनाव आधी किंवा नुसतं आद्याक्षर, असं सर्रास आढळतं. परीक्षेच्या सकाळी हे दुरुस्त होत नाही.

प्रश्न इंग्रजीत असतील तर आधी शेवटची ओळ वाचा. 'फर्स्ट', 'नेक्स्ट', 'बेस्ट', 'लीस्ट', 'एक्सेप्ट' यांतला कोणता शब्द आहे ते बघून मग वरचा प्रसंग वाचा. 'एक्सेप्ट' नजरेतून सुटला की येत असलेलं उत्तर चुकतं. लांब प्रसंगाचं मनात मराठीत भाषांतर करत बसू नका. कोण, कुठली पायरी, काय विचारलंय, एवढे तीनच शब्द मनात धरा.

नापास झालात तर २४ तासांची मुभा आहे म्हणून लगेच दुसऱ्या दिवशी बसू नका. स्कोअर रिपोर्टमध्ये विभागवार पट्ट्या असतात. सगळ्यात आखूड पट्टी कुठल्या पायरीची आहे ते बघून तेवढ्याच पायरीचे प्रसंग पुन्हा लिहून काढा. पास झालात तर त्याच दिवशी रिझल्टचा स्क्रीनशॉट घ्या, सर्टिफिकेटची मुदत मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका, आणि फर्मच्या पोर्टलवर नाव दिसेपर्यंत दर दोन दिवसांनी तपासा. ते दिसायला वेळ लागू शकतो, म्हणून पार्टनरशिपच्या रिन्युअलच्या आदल्या आठवड्यात परीक्षा ठेवू नका. कंपनीनं दोन पास माणसं मागितली असतील तर तिघांना बसवा. सर्टिफिकेट माणसाच्या नावावर असतं, आणि तो नोकरी सोडून पुण्याला गेला की तेही त्याच्याबरोबर जातं.